गुप्तदान आणि गुप्त देणगी : कंपन्यांचा पैसा आणि आपल्या निवडणुका



मागच्या व्याख्यानानंतर आपण इथंच, पहूरला, एकत्र बसून एक माहितीपट पाहिला. किम्बर्ली रीड या दिग्दर्शिकेचा २०१८ सालचा ‘डार्क मनी’. दिवे लागले तेव्हा मागच्या रांगेतून एक प्रश्न आला : "सर, हे अमेरिकेचं झालं. आपल्याकडे हे कधी आणि कसं सुरू झालं?" त्या वेळी आम्ही दोन वाक्यांत उत्तर देऊन वेळ मारून नेली. आज नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

ज्यांनी माहितीपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोंटाना हे अमेरिकेतलं तांब्याच्या खाणींचं राज्य. १८९९ साली विल्यम क्लार्क नावाच्या खाणसम्राटाने तिथल्या आमदारांना पैसे चारून सेनेटची जागा मिळवली. तेव्हा सेनेटर आमदारच निवडायचे. प्रकरण इतकं गाजलं की त्याला ती जागा सोडावी लागली. पुढे १९१२ साली तिथल्या लोकांनी स्वतः मतदान करून कायदा केला : कंपन्यांनी निवडणुकीत पैसा घालायचा नाही. हा कायदा शंभर वर्षं टिकला. २०१० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात कंपन्यांना निवडणूक प्रचारावर हवा तेवढा खर्च करायची मोकळीक दिली आणि २०१२ साली मोंटानाचा कायदाही गेला. मग लोकांच्या घरी मतदानाच्या तोंडावर पत्रकं यायला लागली. खाली नाव कुठल्यातरी अनोळखी संस्थेचं. पैसा कोणाचा, ते कळायला मार्ग नाही. सगळा माहितीपट त्या एका प्रश्नाभोवती फिरतो : पैसा कोणाचा?

हा प्रश्न ऐकला आणि आम्हाला आपलं पहूर आठवलं. साल १९६७. लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुका एकदमच होत्या. आम्ही तेव्हा शाळेत. पाचोरा-जामनेर ‘पीजे’ गाडी गावाबाहेर शिटी द्यायची, तेवढंच काय ते यंत्र ओळखीचं. अशा गावात प्रचाराची जीप आली की पोरांचा घोळका तिच्यामागे धावायचा. आमच्या वडिलांचं पेठेत किराणा दुकान होतं. पोरं घोषणा काय दिल्या ते सांगायची, आणि दुकानावर बसलेली मोठी माणसं एकच विचारायची : "जीप कोनाची रे?" उमेदवार कोण ते त्यांना ठाऊकच असायचं. त्यांना जाणून घ्यायचं असायचं ते जीप कोणाची, पेट्रोल कोणाचं. त्या वर्षी जीप एका जिनवाल्याची होती. सगळ्या गावाला माहीत. निवडणूक झाली. पुढच्या उन्हाळ्यात रस्त्याचं काम निघालं आणि पहिली खडी पडली ती जिनाच्या फाटकापर्यंत. वडील हसून म्हणाले, "जीप तिकडूनच आली होती ना!" पुढच्या निवडणुकीत हा विषय पारावर निघाला, उमेदवाराला तोंडावर विचारला गेला, आणि त्याला उत्तर द्यावं लागलं.

आम्ही त्या काळाचं कौतुक करत नाही. जिनवाल्याचा रस्ता आधी झाला, हे वाईटच होतं. पण लोकांना दोन टोकं जोडता आली, कारण जीप कोणाची हे माहीत होतं. आजच्या व्याख्यानाचा धागा एवढाच आहे. तो धरून आता इतिहासात जाऊ.

राजकारणाला पैसा लागतो आणि तो श्रीमंतांकडूनही येतो, यात नवीन काही नाही. १९२१ साली काँग्रेसने टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवायचं ठरवलं, ३० जूनची मुदत घातली आणि लक्ष्य गाठलं. त्यात बायकांनी अंगावरचे दागिने दिले, तसेच अर्देशीर गोदरेज यांनी तीन लाख रुपये दिले. त्या काळचे तीन लाख! पण गोदरेजांनी दिले हे जगाला माहीत होतं. डिसेंबर १९३६मध्ये आपल्याच जिल्ह्यात, फैजपूरला, काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. नेहरू अध्यक्ष होते. साने गुरुजी त्यासाठी गावोगाव फिरले. आणि त्याच काळातलं अमळनेर बघा. मिलमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तिथं तत्त्वज्ञान मंदिर काढलं. आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांवर त्यांचे उपकार आहेत. त्याच अमळनेरात साने गुरुजींनी गिरणी कामगारांची संघटना बांधली. म्हणजे पैसा होता, पैशाला विरोधही होता. पण कोण कुठं उभं आहे, हे दोघांनाही दिसत होतं.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न कायद्याच्या दारात आला, तो मुंबईत. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या घटनापत्रात बदल करायचं ठरवलं. राजकीय पक्षांना देणगी देण्याचा अधिकार त्यांना त्यात घालून हवा होता. तेव्हा अशा बदलाला न्यायालयाची मंजुरी लागायची. एका भागधारकाने हरकत घेतली : आम्ही पैसे पोलाद बनवायला दिले, पक्ष चालवायला नाही. प्रकरण मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आलं. कंपनीचं म्हणणं साधं होतं. सरकारच्या धोरणावर आमचा धंदा अवलंबून आहे, म्हणून धंद्याला अनुकूल पक्षाला मदत करणं हे धंद्याचंच काम आहे. छागलांनी पाहिलं, की कायद्यात याला बंदी नाही. त्यामुळे परवानगी द्यावी लागली. पण निकालपत्रात त्यांनी आपली अस्वस्थता लपवली नाही. आपली लोकशाही अजून कोवळी आहे, पक्षांकडे असा पैसा आला तर तिचा उगमच गढूळ होईल, आणि संसदेने यावर वेळीच विचार करावा, अशा आशयाचा इशारा त्यांनी दिला.

आमच्या मते त्या खटल्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कंपनी जे मागत होती ते उघड मागत होती. पुढे १९६१ साली जे. आर. डी. टाटांनी नेहरूंना पत्र लिहून कळवलं, की आम्ही काँग्रेसला देतोच, पण आता स्वतंत्र पक्षालाही देणार आहोत. नेहरूंनी उत्तर दिलं, की तुम्ही त्याला मोकळे आहात. सत्तेवर असलेल्या माणसाला पत्र लिहून "तुमच्या विरोधकालाही पैसे देतोय" असं सांगणारा उद्योगपती आज कितीजणांना आठवतो? असो.

संसदेने काय केलं? १९६०मध्ये मर्यादा घातली : पंचवीस हजार रुपये किंवा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे पाच टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. शिवाय किती दिले आणि कोणाला दिले, हे हिशेबात दाखवायचं. १९६९ साली इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आणली. ऐकायला छान. पण पक्षांचा खर्च भागवायची दुसरी सोय कोणी केली नाही. मग पैसा थांबला का? नाही. तो चेकवरून सुटकेसमध्ये गेला. काळ्या पैशाची आणि निवडणुकीची सोयरीक घट्ट झाली ती या काळात. १९८५मध्ये बंदी उठली. सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत, संचालक मंडळाचा ठराव करून, हिशेबात नाव दाखवून देणगी द्या, असं ठरलं. २००३ साली कंपन्यांच्या देणग्यांना आयकरात सूट मिळाली आणि वीस हजारांवरच्या देणग्यांची यादी निवडणूक आयोगाला देणं पक्षांवर आलं. २०१३च्या कंपनी कायद्याने मर्यादा साडेसात टक्के केली.

या साठ वर्षांत कायदा कधी सैल झाला, कधी आवळला. पण एक गोष्ट त्याने कधी सोडली नव्हती. कंपनीने कायदेशीर देणगी द्यायची तर कोणाला दिली ते कागदावर यायचं. चोरून देणारे चोरून देत होतेच. पण चोरी ही चोरी होती, तो हक्क नव्हता.

हे बदललं २०१७ साली. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी निवडणूक रोख्यांची कल्पना मांडली, आणि २ जानेवारी २०१८ला योजना जाहीर झाली. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत जायचं आणि हजार, दहा हजार, एक लाख, दहा लाख किंवा एक कोटीचा रोखा घ्यायचा. त्यावर घेणाऱ्याचं नाव नाही. तो पक्षाला द्यायचा आणि पक्षाने पंधरा दिवसांत वटवायचा. त्याच्या जोडीला दोन बदल झाले, ज्यांच्याकडे कमी लोकांचं लक्ष गेलं. साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली, म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा हवी तेवढी देणगी देऊ शकेल. आणि कोणत्या पक्षाला दिली हे हिशेबात दाखवायची अटही काढली. हे सगळं वित्त विधेयकातून झालं, त्यामुळे राज्यसभेला ते अडवता आलं नाही. रिझर्व्ह बँकेने आधीच शंका काढली होती. निवडणूक आयोगाने मे २०१७मध्ये सरकारला लिहिलं, की पारदर्शकतेच्या दृष्टीने हे मागे नेणारं पाऊल आहे.

आता एक कबुली. तेव्हा आम्हाला ही योजना पटली होती. जळगावात एका ठिकाणी आम्ही तिच्या बाजूने बोललोही होतो. सुटकेसपेक्षा बँक बरी, असं आमचं म्हणणं. वर आम्ही आपल्या परंपरेचा दाखला दिला. आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानतात. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये म्हणतात. मग देणाऱ्याचं नाव झाकलं तर बिघडलं कुठं? व्याख्यान संपल्यावर आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. कापसाचा व्यापार करतो. म्हणाला, "सर, गुप्तदानात कोणापासून गुप्त ठेवायचं असतं?" आम्ही म्हणालो, सगळ्यांपासून. "मग या रोख्यात घेणाऱ्याला कळणार नाही असं तुम्हाला वाटतं? मी एक कोटी दिले तर ते माझेच, हे सांगितल्याशिवाय मी राहीन का?"

चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं आम्ही, आणि हा फरक एका व्यापाऱ्याने आमच्या पदरात टाकला. गुप्तदानात देणारा स्वतःला कोणापासून लपवतो? मुख्यतः घेणाऱ्यापासून. घेणाऱ्याला मिंधेपण येऊ नये, म्हणून. शाळेतल्या गरीब पोराची फी कोणी भरली हे त्याला कळत नाही, म्हणून तो मान वर करून चालतो. रोख्यात नेमकं उलटं आहे. घेणाऱ्याला कळू शकतं. कळत नाही ते तिसऱ्याला, म्हणजे मतदाराला. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही त्याला दिलेलं ते सात्त्विक, आणि परतफेड मनात धरून दिलेलं ते राजस. आता सांगा, जो पक्ष उद्या परवाने देणार, ठेके देणार, चौकशा लावणार, त्याला दिलेलं कोटींचं धन कोणत्या खान्यात घालायचं? ज्या व्यवहारात दोघांना सगळं माहीत असतं आणि त्याची किंमत मोजणाऱ्या तिसऱ्यालाच काही माहीत नसतं, त्याला बाजारात सौदा म्हणतात.

तरी सरकारची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. ती पोकळ नव्हती. एखाद्याने विरोधी पक्षाला पैसे दिले आणि नाव फुटलं, तर त्याच्यावर सूड उगवला जाईल ही भीती खरी आहे. आपण मतदान गुप्त ठेवतो ते याच कारणासाठी. मग देणगी गुप्त का नको? आमचं उत्तर असं. मत प्रत्येकाला एकच असतं. अंबानींना एक आणि आमच्या शेतमजुराला एक. म्हणून ते झाकलं तरी कोणाचं वजन वाढत नाही. पैसा तसा नाही. तो झाकला की ज्याचं वजन जास्त, त्याचंच वजन झाकलं जातं. आणि कंपनीला तर मतच नाही. शिवाय ज्याच्या सुडाची भीती, त्या सत्तेपासून तरी नाव लपत होतं का? रोख्यावर एक क्रमांक छापलेला होता, जो अतिनील दिव्याखालीच दिसायचा; एप्रिल २०१८मध्ये पूनम अग्रवाल या पत्रकाराने हजार हजारांचे रोखे स्वतः घेऊन, प्रयोगशाळेत तपासून ते दाखवून दिलं. सरकारी बँकेकडे खरेदी करणाऱ्याची सगळी ओळख होतीच. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९५ साली एक कसोटी सांगून ठेवली आहे. दुसऱ्यांच्या हक्कांवर परिणाम करणारी कृती जर उघड सांगितल्यावर टिकत नसेल, तर ती अन्यायाची समजावी. आमच्या विद्यार्थ्याने कांट वाचलेला नव्हता, पण कसोटी त्याला ठाऊक होती.

असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था १९९९ साली अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी काढली. ती, कॉमन कॉज, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष आणि जया ठाकूर हे न्यायालयात गेले. निकाल आला १५ फेब्रुवारी २०२४ला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराला पक्षाचा पैसा कुठून येतो हे जाणण्याचा हक्क आहे, असं न्यायालयाने सांगितलं. सामान्य माणसाची छोटी देणगी हे त्याच्या मताचं, निष्ठेचं प्रकटन असू शकतं. कंपनीची देणगी हा मोबदल्याच्या अपेक्षेने केलेला व्यवहार असतो, हा फरकही न्यायालयाने केला. नफ्याची मर्यादा काढणारी दुरुस्तीही रद्द केली. छागलांनी दिलेल्या इशाऱ्याला उत्तर मिळायला सहासष्ट वर्षं लागली म्हणायचं.

स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेची निवडणूक उरकल्यावर. ११ मार्चला न्यायालयाने ती नाकारली. १४ मार्चला याद्या बाहेर आल्या, २१ मार्चला रोख्यांचे क्रमांकही आले, आणि देणारा व घेणारा यांची जोडी लावता आली. मार्च २०१८पासून जानेवारी २०२४पर्यंत सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. देशातले मतदार सत्त्याण्णव कोटींच्या आसपास. म्हणजे दर मतदारामागे साधारण एकशे सत्तर रुपये! किमतीच्या हिशेबाने त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त रोखे एक कोटीचे होते. हजाराचा रोखा घेणारा माणूस शोधून सापडला नसता. आयोगाने जाहीर केलेल्या आकड्यांत सर्वांत मोठा वाटा भाजपचा, सहा हजार कोटींहून जास्त. त्यामागे तृणमूल काँग्रेस, काँग्रेस, भारत राष्ट्र समिती. ज्याच्या हातात जिथली सत्ता, त्याच्याकडे तिथला ओघ, असं ढोबळमानाने दिसतं. कोणत्याही एका पक्षाच्या माणसाने दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटका करून घेऊ नये.

सर्वांत मोठी देणगीदार कंपनी निघाली ती लॉटरी चालवणारी, ‘फ्यूचर गेमिंग’, १,३६८ कोटी. तिच्या पैशाचा मोठा भाग तृणमूल आणि द्रमुककडे गेला. दुसरी हैदराबादची ‘मेघा इंजिनिअरिंग’, ९६६ कोटी. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम २०२३ साली याच कंपनीला मिळालं, आणि त्याच वसंतात तिने रोखेही घेतले होते. एवढ्यावरून देवाणघेवाण सिद्ध होत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. विशेष तपास पथक नेमा, ही मागणीही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये मान्य केली नाही. पण आमच्या पहूरच्या दुकानावर जो प्रश्न विचारला जायचा, तो आता विचारता येतो. सहा वर्षं तो विचारताच येत नव्हता. आणि त्या सहा वर्षांत देशात एक लोकसभा निवडणूक झाली, महाराष्ट्रात एक विधानसभा झाली. तेव्हा बोटाला शाई लावून घेताना आपल्यापैकी कोणालाही जीप कोणाची हे माहीत नव्हतं. ते मत आता परत घेता येत नाही. आमचं नुकसान झालं ते हे.

मग आता सगळं ठीक झालं का? नाही. इलेक्टोरल ट्रस्ट अजून आहेत. कंपन्या ट्रस्टला देतात, ट्रस्ट पक्षांना देतो. ट्रस्टला कोणी दिलं आणि ट्रस्टने कोणाला दिलं, दोन्ही याद्या मिळतात. पण कोणत्या कंपनीचा रुपया कोणत्या पक्षाकडे गेला, हे बहुतेक वेळा त्यांतून कळत नाही. वीस हजारांच्या आतल्या देणग्यांची नावं पक्षाने जाहीर करायची गरज नाही. आणि उमेदवाराला लोकसभेसाठी मोठ्या राज्यांत ९५ लाखांची मर्यादा असली, तरी पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही.

आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते. मांडवात एकजण ती घेऊन बसतो, आणि कोणी एकावन्न रुपये दिले तरी माइकवरून नाव पुकारतो. शहरातल्या पाहुण्यांना हे गावंढळ वाटतं. पण त्या वहीमागे एक समज आहे. कोणाचं आपल्यावर किती देणं आहे, हे चार माणसांत माहीत असावं, म्हणजे उद्या कोणी नको ते मागितलं तर चार माणसं साक्षीला असतात. एकावन्न रुपयांना ज्या समाजाने वही ठेवली, त्याने एक कोटीला वही नको म्हणावं, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही.

शेवटी एक काम सांगतो, प्राध्यापकाची सवय आहे. पक्षांच्या देणग्यांचे वार्षिक अहवाल निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. मोबाइलवर उघडतात. आपण ज्या पक्षाला मत दिलं त्याचा एक अहवाल काढा आणि वाचा. विरोधकाचा नको, आपल्याच पक्षाचा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा त्यावर बोलू. आमच्या विद्यार्थ्यालाही बोलावलं आहे.